जेएमएफसीला (कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेला) आता ३ वर्षं प्रॅक्टिस लागते, मग एलएलबी सोडून देऊ का?

आलेलं पत्र, थोडं कमी करून:

"ताई, मी तासगाव तालुक्यातली, वय २४. बीएस्सी झाल्यावर ३ वर्षांच्या एलएलबीला सांगलीत ॲडमिशन घेतलं, आता दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी एका पतसंस्थेत काम करते, मग एसटीनं कॉलेज. शाळा सगळी मराठी मिडियम. एलएलबी झाली की थेट जेएमएफसी द्यायची असं ठरवलं होतं, पण आता ३ वर्षं वकिली केल्याशिवाय फॉर्म भरता येत नाही म्हणतात. पप्पा म्हणतात, ३ वर्षं बिनपगारी कोर्टात फिरायचं असेल तर आत्ताच सोड आणि बीएड कर. चुलत्यांबरोबर आमची बांधाची केस १४ वर्षं चालू आहे, त्यामुळे घरात वकील म्हटलं की सगळ्यांचं तोंड कडू होतं. माझं इंग्रजी कच्चं आहे, निकालपत्र वाचायला घेतलं की दुसऱ्या पानावर डोकं बंद पडतं. वर्गातल्या मुली पुण्याला क्लास लावणार आहेत, फी लाखाच्या घरात. मी काय करू?"

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना इंग्रजीवरच लिहायचं असं डोक्यात होतं, दुसऱ्यांदा त्या १४ वर्षांच्या बांधाच्या केसपाशी थांबले आणि मग तिथून हलताच येईना. त्याच्याकडे येते, पण आधी तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते, एलएलबी सोडू नकोस. तुझा ३ वर्षांचा घोर मी हलक्यात घेत नाहीये, मी स्वतः तालुका कोर्टात उभी राहिलेली बाई आहे, पहिल्या वर्षी घरी काय काय ऐकून घ्यावं लागतं ते मला माहितीये.

आता तो नियम नीट समजून घे, कारण त्याबद्दल व्हॉट्सॲपवर वाट्टेल ते फिरतंय. २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, म्हणजे तुझी जेएमएफसी, या पदाच्या परीक्षेला बसायचं तर किमान ३ वर्षं वकिली झालेली हवी. ही अट पूर्वी होतीच, २००२ मध्ये सुप्रीम कोर्टानंच काढली होती, ती परत आणली. यात तुझ्या कामाची गोष्ट अशी की ही ३ वर्षं मोजायची तात्पुरती सनद (वकील म्हणून नोंदणी) मिळाल्यापासून, ऑल इंडिया बारची परीक्षा पास झाल्यापासून नाही. म्हणजे शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागला की गावाला जाऊन महिनाभर आराम, मग बघू, असं करू नकोस, कागद गोळा करून पहिल्या आठवड्यात बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे अर्ज टाक. बार परीक्षा तात्पुरत्या सनदेनंतर २ वर्षांत पास व्हायची असते, ती मराठीतून देता येते, आणि तिथे कोरे बेअर ॲक्ट (टिपा नसलेली मूळ कायद्याची पुस्तकं) सोबत न्यायला परवानगी असते, त्यामुळे तिचं टेन्शन घेऊ नकोस. दुसरं म्हणजे ३ वर्षं प्रॅक्टिस झाल्याचा दाखला १० वर्षं झालेल्या वकिलानं द्यायचा आणि त्यावर त्या जिल्ह्याच्या प्रमुख न्यायाधीशांची सही लागते. हायकोर्ट सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींकडे लॉ क्लर्क म्हणून काम केलेलं असेल तर तेही धरतात. तुझ्या वेळी एमपीएससीची जी जाहिरात निघेल तिच्यातली अट मात्र स्वतःच्या डोळ्यांनी वाच, मैत्रिणीनं पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर जाऊ नकोस.

सनदेच्या फीचंही सांगते, कारण तुझ्यासारख्या घरातल्या पोरींना त्यानं फरक पडतो. ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये लिहिलीये तेवढीच नोंदणी फी घ्यायची, ओपन आणि बाकीच्यांना ७५० रुपये आणि एससी एसटीला १२५ रुपये. त्याआधी वेगवेगळ्या राज्यांत हजारोंनी पैसे भरावे लागायचे, मीही कानातले मोडून भरले होते. तुला तसं करायला लागणार नाही.

मी या ३ वर्षांच्या अटीच्या बाजूनं आहे, आणि का ते सांगायला मला तुमच्या बांधाकडेच यावं लागेल.

तुमच्या घरात कपाटात नाहीतर ट्रंकेत त्या केसची फाईल असणार. नसेल तर वकिलांकडून झेरॉक्स आण, तेही जमलं नाही तर कोर्टात नकलेचा अर्ज दे. ती फाईल काढ आणि आधी वरच्या उजव्या कोपऱ्यात लिहिलेले निशाणी नंबर बघ. निशाणी १ म्हणजे दावा. मग बहुतेक निशाणी ५ सापडेल. आपल्याकडे दिवाणी कोर्टात निशाणी ५ म्हणजे तूर्तातूर्त मनाईचा अर्ज हे इतकं ठरलेलं आहे की वकील एकमेकांना 'पाचचं काय झालं' एवढंच विचारतात आणि समोरच्याला कळतं. तुमच्या केसमध्ये त्यात असं काहीतरी असणार की प्रतिवादीनं सामाईक बांध कोरलाय, आमच्या वहिवाटीला हरकत करतोय, दाव्याचा निकाल लागेपर्यंत त्याला मना करा. मग समोरच्याची कैफियत (लेखी उत्तर) वाच, मग त्या अर्जावर जजनी काय आदेश दिलाय तो वाच. त्यात तीन गोष्टी येतील, प्रथमदर्शनी केस आहे का, सोयीगैरसोयीचा तोल कुणाच्या बाजूनं झुकतो, आणि मनाई दिली नाही तर कधी भरून न येणारं नुकसान होणार का. कॉलेजात हे तू ऑर्डर ३९ रूल १ आणि २ म्हणून पाठ करतेयस आणि परीक्षेत लिहून विसरतेयस. पण तुझ्या घरच्या फाईलमध्ये हे वाचशील तेव्हा तुला कळेल की त्या एका आदेशानं त्या वर्षी पेरणी कुणी केली, ट्रॅक्टर कुठून गेला आणि तुझ्या आईनं चुलतीशी बोलणं कधी बंद केलं.

आता कल्पना कर, एलएलबीनंतर वर्षभरात तू जज झालीस, डायसवर बसलीस आणि पहिल्याच आठवड्यात असा अर्ज समोर आला. एका बाजूला मोजणीचा नकाशा दाखवणारा २५ वर्षं मुरलेला वकील, दुसऱ्या बाजूला सातबारा पुढे करणारा दुसरा मुरलेला वकील, आणि दोघंही तू नवीन आहेस हे ओळखून बोलणार. त्या खुर्चीत बसण्याआधी पक्षकाराबरोबर बाकड्यावर बसलेली असशील, नाझरकडे बेलिफसाठी पैसे भरलेले असतील, साक्षीदार आला नाही म्हणून तारीख मागताना स्वतः बोलणी खाल्लेली असतील, तर कोण खरं बोलतंय आणि कोण वेळ काढतंय हे तुला कागदाआड दिसेल. हे क्लासमध्ये कुणी शिकवू शकत नाही.

त्याच फाईलमधला रोजनामा तर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाच. १४ वर्षं म्हटलं की घरचे वकिलाला नाहीतर जजला शिव्या देतात, पण रोजनाम्यात प्रत्येक तारखेला काय झालं ते लिहिलेलं असतं. मी अशा बऱ्याच फायली चाळल्यात. कुठे मधेच एक म्हातारा प्रतिवादी वारलेला असतो आणि त्याचे वारस ९० दिवसांत रेकॉर्डवर घ्यायचे राहिलेले असतात, मग उशीर माफीचा अर्ज, त्याच्यावर म्हणणं, त्यातच दीड वर्ष. कुठे मुंबईला राहणाऱ्या बहिणीला समन्स बजावणीच होत नाही. कुठे कोर्ट कमिशनर म्हणून मोजणीवाल्यांना पाठवायचा आदेश झालेला असतो आणि मोजणीची फी कुणी भरायची यावर वर्ष गेलेलं असतं. तुमच्या केसमध्ये नेमकं काय झालं ते मी इथून सांगू शकत नाही, पण तू शोधू शकतेस, आणि शोधलंस की पप्पांना समोर बसवून मराठीत समजावून सांग. माझं मन सांगतं की तुझ्या वकिलीबद्दल पप्पांचं मत बदलायला याच्याइतका दुसरा उपाय नाही. त्यांना १४ वर्षांत कुणी हे नीट सांगितलेलंच नाही, त्यांना फक्त पुढची तारीख सांगितली जाते.

इंग्रजीचं आता. बघ, महाराष्ट्रात खालच्या कोर्टाची भाषा मराठी आहे. दावा मराठीत, साक्ष मराठीत, उलटतपास मराठीत. साक्षीदार म्हणतो 'त्यानं बांध कोरला', 'पाळीचं पाणी आडवलं', 'खळ्यावरनं वाट हाय', आणि शहरातून आलेल्या चांगल्या हुशार पोरीला पाळी म्हणजे पाण्याची बारी हे विचारून घ्यावं लागतं. तुला ते लागत नाही. साक्षीदाराच्या उत्तरात कुठे फट आहे ते तुला ऐकताना कळेल, कारण तू तिथं वाढलीस. ही तुझी शिदोरी आहे, कमीपणा नाही. तो ३ वर्षांचा निकाल ज्या पीठानं दिला त्याचे प्रमुख, तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, अमरावतीचे, आणि शाळेत मराठी माध्यमातच शिकलेले.

म्हणून इंग्रजी नको असं मी म्हणत नाही, हायकोर्टाचं सगळं काम इंग्रजीत आणि निकालपत्रंही तिथलीच वाचायची, त्यामुळे ते यायलाच हवं. पण त्याच्या मागे कसं लागायचं नाही ते माझ्याकडून ऐक. २००९ ची गोष्ट, मी ज्युनियर होते. एक बेदाणा व्यापारी चेक परत आला म्हणून ऑफिसला आला, बँकेचा मेमो (चेक परत केल्याची चिठ्ठी) घेऊन. सिनियर बाहेरगावी होते, नोटीस मी ड्राफ्ट करायला घेतली. मला ती इंग्रजीत झोकात करायची होती. आठ दिवस मी त्या दोन पानांवर घालवले, जुन्या नोटिसा काढून त्यातले शब्द उचलायचे, परत खोडायचं, डिक्शनरी उघडायची. सिनियर आले, त्यांनी नोटीस वाचलीच नाही, विचारलं, "मेमो पार्टीला मिळाला कधी?" मी पक्षकार ऑफिसला आलेल्या तारखेपासून दिवस मोजत होते, आणि मेमो त्याच्या हातात त्याच्या बऱ्याच आधी पडलेला. मोजलं तर ३४ दिवस. चेक न वटण्याच्या कलम १३८ मध्ये बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे. माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्या माणसाची वर्षभराची उधारी होती ती. नशिबानं चेकची मुदत अजून संपलेली नव्हती, तेव्हा ती सहा महिने असायची, आता तीन आहे, आणि नोटीस गेलेलीच नव्हती, त्यामुळे सिनियरनी तोच चेक परत बँकेत भरायला लावला, तो परत आला आणि दुसऱ्या दिवशी मराठीत साधी एका पानाची नोटीस रजिस्टर पोस्टानं गेली. पैसे मिळाले. पण तेव्हापासून माझ्या टेबलावर कुठलाही कागद आला की त्याच्यावर आधी तारीख लिहिते, मुदत कधी संपते ते लिहिते, भाषा त्याच्या नंतर. तूही आत्तापासून ही सवय लाव.

इंग्रजीसाठी रोज एकच काम कर. सुप्रीम कोर्टाचे निकाल त्यांच्या साइटवर फुकट वाचायला मिळतात. छोटा निकाल घे, १० ते १५ पानांचा, शंभर पानांचे घेऊच नकोस. आधी शेवटचं पान वाच, अपील मंजूर का नामंजूर ते बघ. मग पहिली दोन पानं, भांडण काय होतं. मग मधलं, जजला का पटलं. आणि मग वही घेऊन तो निकाल आजीला सांगतेय असं समजून दहा ओळीत मराठीत लिही. शब्द अडला तर थांबू नकोस, तोच शब्द तीन निकालात परत येईल आणि आपोआप कळेल, कायद्याचं इंग्रजी म्हणजे तेच तेच दोनेकशे शब्द फिरत असतात. सहा महिने कर आणि मग मला लिही, दुसऱ्या पानावर डोकं बंद पडतंय का ते.

क्लासचं थोडक्यात, आत्ता लावू नकोस. तुझ्या परीक्षेला अजून ४ वर्षं तरी आहेत, लाखभर रुपये आज देऊन ते ज्ञान तोवर टिकणार नाही. शिवाय सेकंडहँड नोट्स घेताना जपून, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झालेत, खुनाचं ३०२ आता १०३ झालंय, फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये गेलंय, पोटगीचं १२५ आता नागरिक सुरक्षा संहितेत १४४ आहे. पण जुनं सगळं टाकूनही देऊ नकोस, कारण त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी आयपीसीच (भारतीय दंड संहिता) लागते आणि तसले खटले अजून वर्षानुवर्षं चालणार. दोन्ही बेअर ॲक्ट शेजारी ठेवून वाच, पेन्सिलनं जुन्या कलमाशेजारी नवा नंबर टाक. आमच्या पिढीलाही हे नव्यानं करायला लागलंय, त्यामुळे या एका बाबतीत तू आमच्या मागे अजिबात नाहीस.

आता पप्पांचा मुद्दा, पैशाचा, आणि तो बरोबर आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ ला पत्रक काढलं की ज्युनियरला शहरात महिना किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि तालुक्याला एवढे देणारे सिनियर तुला सहजी भेटणार नाहीत हे मी तुझ्यापासून लपवत नाही. मला पहिल्या सिनियरकडे वर्षभर एसटीचं भाडं मिळायचं, बाकी काही नाही, आणि काम काय तर बॅग आणि टायपिंग. फाईल कधी हातात दिली नाही. त्यांना सोडायला मी वर्ष घालवलं याचं मला आजही वाईट वाटतं, तीन महिन्यांत कळायला हवं होतं.

म्हणून क्लास निवडताना जेवढा विचार करशील त्याच्या दसपट सिनियर निवडताना कर. आणि ते सनद मिळाल्यावर नाही, आत्ता कर. शनिवारी दुसरा चौथा सोडून कोर्ट चालू असतं, परीक्षा झाल्यावर सुट्टीतही जाता येतं. मागच्या बाकावर गप बसून बघ, उलटतपास स्वतः कोण घेतं, तयारी करून कोण येतं, पक्षकाराशी व्हरांड्यात कोण नीट बोलतं. त्यांच्या ज्युनियरला चहाला गाठ आणि विचार, सर फाईल देतात का, ड्राफ्टवर लाल पेन मारून परत देतात का, महिन्याला काय देतात. मुलगी म्हणून अजून एक विचार, ऑफिसमधून संध्याकाळी किती वाजता सुटतेस. रात्री नऊ साडेनऊपर्यंत एकटीला बसवून घेणारं ऑफिस कितीही नावाजलेलं असलं तरी नको, आणि कुणाचं वागणं खटकलं तर 'सर मोठे आहेत' म्हणून गप राहायचं नाही, त्या दिवशीच बाहेर पड आणि घरी सांग. चांगल्या बायका आता प्रत्येक तालुक्याला प्रॅक्टिस करतायत, त्यांच्याकडेही जाऊन बघ.

पगाराचं म्हणशील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे लीगल एड डिफेन्स कौन्सिलची ऑफिसं आहेत, गरीब आरोपींचं काम करायला. त्यात असिस्टंटच्या जागेला नवीन वकील घेतात, दर महिन्याला ठरलेलं मानधन असतं आणि रोज कोर्टात उभं राहायला मिळतं, जामीन अर्जापासून. जागा थोड्या निघतात पण नोटिशीवर लक्ष ठेव. सहायक सरकारी वकिलाची परीक्षाही एमपीएससी घेते, बँकांत लॉ ऑफिसरच्या जागा असतात, म्हणजे एलएलबीचा रस्ता फक्त जजच्या खुर्चीलाच जातो असं नाही.

पतसंस्थेचं काम आत्ता चालेल, पण हजेरी ७० टक्के सांभाळ, त्यावरून परीक्षेला बसू न दिलेली पोरं मी पाहिलीत. आणि सनद घेतल्यावर मात्र पूर्णवेळ पगाराची नोकरी आणि वकिली एकत्र करता येत नाही, बार कौन्सिलचा नियम आहे, तेव्हा तो महिना कधी येणार हे धरून आत्तापासून थोडे थोडे पैसे बाजूला टाक.

हो, आणि एक चांगली गोष्ट तुझ्या भागात झालीये. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं, सांगली जिल्हा त्यातच येतो. आमच्या वेळी तासगावच्या पक्षकाराला हायकोर्ट म्हणजे रात्रीची गाडी, मुंबईत कुणाच्यातरी ओळखीवर मुक्काम. तुला सकाळी निघून, दिवसभर हायकोर्टाचं काम ऐकून संध्याकाळी घरी येता येईल. त्या बेंचसाठी आपल्याकडच्या वकिलांनी कितीतरी वर्षं आंदोलनं केली, त्याचा फायदा घेणारी पहिली बॅच तुमचीच.

या रविवारी फाईल काढ. दाव्याचा सीएनआर नंबर (प्रत्येक केसला मिळणारा वेगळा नंबर) त्यात कुठेतरी असेल, १६ अक्षरं आकडे असतात, तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाक, पुढची तारीख कधी आणि कशासाठी आहे ते दिसेल. त्या तारखेला कॉलेज बुडव, पप्पांबरोबर कोर्टात जा, आणि पुकारा झाला की त्यांच्या शेजारी उभी राहा. काय झालं ते मला लिहून पाठव.